फुलदाण्या घरी आल्या

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं, तू होय. मग बोल ना. नाव दिसलं नाही मला, चष्मा सोफ्यात पडलाय.

… सोफ्यात म्हणजे सोफ्यात. दुकानात आहे मी. या सोफ्याचं पोट फाडलंय, स्प्रिंगा बाहेर आल्यात, वाकून बघायला गेले तर चष्मा आत. … मिळेल गं. आतापर्यंत एक कंगवा मिळालाय, अर्धं बिस्किट मिळालंय, चष्माही मिळेल. … हो, ऐकू येतंय. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलाय, दोन्ही हात गोंदात आहेत. बोल तू.

… नाही, रागावले नाही.

… नाही म्हणते ना. मी कशाला रागावू?

… आवाज असाच आहे माझा. जन्मापासून असाच आहे.

… हे बघ ठमे, तू विचारलंस म्हणून सांगते. राग नाही. पण रविवारी उपासनेत तू साक्ष द्यायला उठलीस, तेव्हा मला वाटलं, पोरगी देवाचे आभार मानणार. मी मान वर करून बसले. शेजारच्या बाईला कोपर मारून सांगितलं, माझी लेक. आणि तू काय सांगितलंस? की माझे आईवडील मला तान्हेपणी चर्चमध्ये विसरून घरी निघून गेले आणि ती जखम माझ्या काळजात अजून आहे. शेजारच्या बाईने तेच कोपर मला परत मारलं.

… हो, माफ केलंय असंही म्हणालीस. ऐकलं मी. दुसऱ्या बाकावर होते, कुठे जाणार? अगं, माफ केलं होतंस तर घरी यायचं, मला सांगायचं, आई, मी तुला माफ केलं बरं का. मी म्हटलं असतं, बरं झालं, चहा टाकू का? सगळ्या मंडळीसमोर कशाला?

… मन मोकळं करायला सांगितलं होतं शिबिरात, कळलं. पण त्यावर पाळकसाहेबांना आयता विषय सापडला ना. आई एक वेळ तान्ह्याला विसरेल, पण देव विसरणार नाही. बायबलातलं वचन खरं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण 'आई विसरेल' म्हणताना माणसाने जरा दुसरीकडे बघावं. छताकडे बघावं. ते बघत होते माझ्याकडे. आणि ते बघतायत म्हणून अख्खी मंडळी माझ्याकडे.

… तुझे बाबा? ते शांतपणे बुटाची नाडी बांधत होते. पूर्ण उपदेश होईपर्यंत एक नाडी.

… आणि बाहेर आले तर रांग. … कसली म्हणजे? मला माफ करायची. पाळकीणबाईंनी मिठी मारली. गायनमंडळातल्या त्या जाडूबाई, ज्यांनी आजवर कधी सरकून मला बसायला जागा दिली नाही, त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, आम्ही तुमच्यासाठी उपास धरलाय. मी म्हटलं, धरा, तब्येतीला बरं. … हो, म्हणाले. गेलं तोंडातून. … आणि आज सकाळी हा दातांचा डॉक्टर, ज्याचा हा सोफा आहे, दारात उभा राहून सांगतो की काकू, आमच्या घरच्यांनी तुम्हाला माफ केलंय, पण सोफा शनिवारच्या आत पाहिजे.

… हसू नकोस. … हसतेयस ना? … ठमे?

… अगं, रडतेयस का तू?

… काय झालं? कुठून बोलतेयस? आवाज घुमतोय तुझा. … जिन्यात? घर सोडून जिन्यात बसून का बोलतेयस? … जावईबापूंना ऐकू जायला नको? भांडलात? … नाही? मग?

… हं.

… हं. … उद्या? उद्या कशाला येतायत त्या बाई? … हो, अनाथ पोरांच्या संस्थेतल्याच ना, निळ्या गाडीतून येतात त्या. … हो हो, मला माहीत आहे. पिटुकली आतापर्यंत तुमच्याकडे नुसती सांभाळायला दिली होती, आता कायमची ठेवताय का, ते विचारायला येणार. मग त्यात रडण्यासारखं काय? हो म्हणायचं, त्यांना चहा द्यायचा आणि…

… काय म्हणालीस?

… परत सांग.

… अहो. अहो, ठोकाठोकी थांबवा जरा. … तुला नाही गं, बाबांना. … अहो, ठमी पिटुकलीला परत द्यायचं म्हणतेय. उद्या. … नाही, ते काही बोलले नाहीत. तोंडात खिळे आहेत. खुर्चीला कापड मारतायत ना, मुठीतले संपले की तोंडातले. नुसते बघतायत माझ्याकडे. … आता काढतायत एकेक.

… नाही टाकत स्पीकरवर. बरं, नाही सांगत त्यांना. अहो, तुम्ही तिकडे बसा, मी नंतर सांगते. … बसले. खुर्ची ओढून इथेच बसले, पण बसले. बोल तू. मी मध्ये तोंड घालत नाही.

… हं. … हं. … अगं, पण… बरं, नाही घालत.

… म्हणजे ती रडत नाही म्हणून? ठमे, न रडणारं पोर मिळावं म्हणून बायका गुडघे टेकतात. तुझ्या वेळी मी… बरं, बरं. सांग.

… एकदाही नाही? आल्यापासून? … सकाळी उठली की नुसती वर बघत पडून राहते. … लसीची सुई टोचली तेव्हाही नाही? … पलंगाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं तरी? अगं बाई. … मग काय केलं तिने? … इकडेतिकडे बघितलं आणि गप्प राहिली.

… हो, कुणाकडेही जाते ते मी बघितलंय. माझ्याकडे आली, बाबांकडे गेली, जाडूबाईंकडेसुद्धा गेली, आणि त्यांच्याकडे तर मोठी माणसंही घाबरत जातात. मला वाटलं, माणूसघाणी नाही, बरं आहे.

… गॅसवाल्याकडे? … सिलिंडर ठेवला आणि त्याने हात पुढे केले, तर ही गेली. … त्याची टोपी काढली. बरं. … आणि मग तू घ्यायला गेलीस तर तुझ्याकडे बघून हसली. मग चांगलंच की.

… तेवढंच हसली.

… म्हणजे तुझ्यात आणि गॅसवाल्यात तिला काही फरक नाही, असं वाटलं तुला.

… हं. नाही गं, हे लागण्यासारखं आहे. लागेलच कुणालाही. तू तिच्यासाठी रात्र रात्र उठायचं, तिचं दूध फुंकायचं, आणि तिने तुला गॅसवाल्याच्या रांगेत बसवायचं. मला वाईट वाटलं असतं. मी तर त्या गॅसवाल्याला सिलिंडरसकट परत पाठवला असता.

… पण म्हणून परत द्यायचं?

… तुझ्यात काय नाही? … कोण म्हणालं? … त्या शिबिरातल्या समुपदेशक बाई? ज्यांच्याकडे लाल कापडाचं काळीज आहे आणि लोकरीचे धागे? बाबा सांगत होते. बाबा बिस्किटांसाठी जातात तिथे, पण काळीज लक्षात राहिलंय त्यांच्या. शिवण कच्ची आहे म्हणाले. … तर त्या बाई असं म्हणाल्या? की ज्याला तान्हेपणी माया मिळाली नाही, त्याला पुढे देता येत नाही? नक्की म्हणाल्या?

… नाही म्हणाल्या. मग काय म्हणाल्या? … की तान्हेपणी आईशी जी नाळ जुळते, तिच्यावर पुढची सगळी नाती उभी राहतात. आणि ती तुटली असेल तरी प्रभू जोडतो, माणसांच्या हातांनी जोडतो. … बरोबर. आणि तू त्यातलं पहिलं अर्धं उचलून घरी आलीस. दुसरं अर्धं कुणाला दिलंस, गॅसवाल्याला?

… ओरडत नाही मी. बोलतेय.

… हो, विचार ना.

… खरं काय झालं त्या दिवशी म्हणजे? तुला माहीत आहे की. बाबा प्रत्येक लग्नात सांगतात. तुझ्या स्वतःच्या लग्नात सांगितलं, जावईबापूंच्या आत्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. … माझ्या तोंडून? मी कधी सांगितलं नाही? … नसेल. बरं, सांगते.

फुलांची पाळी माझी होती त्या रविवारी. तेव्हा बायका एका बाजूला बसायच्या, पुरुष दुसऱ्या, मधून वाट. तू टोपलीत. भूक लागली की टोपली माझ्याकडे, ढेकर काढायचा की बाबांकडे. अख्ख्या उपासनेत टोपली त्या वाटेवरून इकडून तिकडे, इतकी की मंडळीने सवयीने पाय वर घ्यावेत. आता शेवटच्या गीताला टोपली कुणाकडे होती, यावर या घरात आजही एकमत नाही. … अहो, तुम्ही गप्प बसा. माझ्याकडे नव्हती. … माझ्या बाकाखाली सापडली म्हणून माझ्याकडे होती असं होत नाही. कुणीतरी सरकवली. … बघ, सुरू झाले. मी म्हटलं नव्हतं?

… हो, सांगते. ज्याची फुलांची पाळी, त्याने पितळी फुलदाण्या घरी नेऊन घासून आणायच्या असा रिवाज होता. दोन फुलदाण्या, ह्या एवढाल्या. मी स्कूटरवर मागे बसले, दोन्ही मांडीवर घट्ट धरून. बाबांनी विचारलं, सगळं घेतलं ना? मी म्हटलं, घेतलं. मांडीवर वजन होतं ना, मला बरोबर वाटलं. घरी आलो. मी त्या फुलदाण्या पलंगावर ठेवल्या आणि घरंगळून खाली पडू नयेत म्हणून बाजूला उशी लावली. उशी लावली, ठमे. इथे लोक हसतात.

… इथेच संपते ती गोष्ट. बाबा इथेच थांबतात. फुलदाण्या घरी आल्या, पोर राहिली. मग पंगत बसते.

… पुढचं? पुढचं कधी कुणी विचारलं नाही. सगळे हसत असताना मध्येच मी काय सांगू? मीही हसायचे.

… थांब. हात पुसते आणि नीट बसते.

… हं. पाजायची वेळ झाली होती. दूध आलं होतं मला, ब्लाउज भिजला, म्हणून मी आतून हाक मारली, अहो, आणा तिला. आणि ते बाहेरून म्हणाले, तुझ्याकडेच आहे ना. … अजून कानात आहे माझ्या ते. हातपाय गळाले असं म्हणतात ना, तसं नाही झालं. उलट झालं. मी धावत सुटले. बाबा मागून स्कूटर घेऊन आले, माझ्या शेजारून चालवत होते, बस बस म्हणत होते, आणि मी धावतच होते. … कारण बसायचं तर थांबावं लागलं असतं ना. … हो, आता वेडेपणा वाटतो. तेव्हा नाही वाटला.

चर्चला कुलूप. मागे राखणदाराची खोली होती. दार उघडंच होतं, त्याची म्हातारी मटार सोलत बसली होती आणि तू तिच्या मांडीवर. मजेत. शेंग चोखत होतीस. म्हातारी म्हणाली, अजिबात रडली नाही, फार शहाणी आहे. आणि ते ऐकून मला काय वाटलं सांगू? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रस्त्याने बोंबलत आले, आणि हिला आई नसली तरी चालतंय.

… हो. तुझं आत्ता झालंय ना, तसंच.

… मग तू वर बघितलंस. मी दारात उभी. तुझा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला आणि त्यानंतर तू जे भोकाड पसरून हातपाय झाडलेस, म्हातारीच्या सुपातले मटार अख्ख्या खोलीभर झाले. मला वाटलं, बरी खेळत होती, मी येऊन रडवलं. मी मागे सरकले गं. खरंच सरकले. तर म्हातारीने दरडावलं मला: "पळतेस कुठे? इतका वेळ रडू धरून ठेवलं होतं लेकराने, ते तुझ्यापाशी सोडलं. घे तिला."

… घेतलं मी. तू मला मारतही होतीस आणि धरूनही ठेवत होतीस. दोन्ही एकदम. मी पण रडत होते. बाबा दारात स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे, तेही. … अहो, रडत होता तुम्ही. घाम नव्हता तो.

… मग म्हातारीने एक हात तुझ्या डोक्यावर ठेवला आणि एक माझ्या, आणि त्या मटारांत बसूनच प्रार्थना केली. म्हणाली, प्रभू, तू या लेकराला विसरला नाहीस, तसा हिच्या आईलाही विसरू नकोस, तिला आता पुष्कळ रात्री झोप लागायची नाही.

… नाहीच लागली. उठून उठून बघायचे, टोपलीत आहेस ना.

… म्हणून रविवारी मला वाईट वाटलं, ठमे. राग नाही, वाईट. लेकराला देव विसरत नाही हे सगळ्या मंडळीने ऐकलं. आईलाही विसरत नाही, हे त्या म्हातारीनंतर मला कुणी म्हणालं नाही.

… नको, नको, माफी नको मागू. बाई गं, आता हे तू पुढच्या रविवारी उठून सांगशील, मग सगळी मंडळी माझी माफी मागायला रांग लावेल, आणि जाडूबाई उपास वाढवतील. … हं, हस. हसलीस तरी चालेल.

… त्यानंतर? त्यानंतर तू मला सोडलंच नाहीस कितीतरी दिवस. न्हाणीघरात गेले की दाराबाहेर बसून ठणाणा. सोफा शिवायला बसले की तू सोफ्यात. बाबा म्हणायचे, एक दिवस ही पोरगी कव्हरात शिवली जाऊन गिऱ्हाइकाच्या घरी पोचणार. आता मला सांग, माया मिळाली नाही म्हणणाऱ्याने असं चिकटावं का? … तुला कुठून माहीत असणार? तू तेव्हा एवढीशी. आणि आम्ही हसायच्या भागापुढे कधी गेलोच नाही.

… पिटुकलीचं वेगळं आहे, मान्य. तिच्यासाठी कुणी धावत आलं नाही. संस्थेत एवढी पोरं, तिथल्या बायका तरी किती जणांकडे बघणार? ती रडली असेल, रडली असेल, आणि मग तिला कळलं असेल की याचा काही उपयोग नाही. म्हणून… ठमे, कसला आवाज येतोय गं मागे?

… नाही, तुझ्याकडून येतोय. मघापासून येतोय. मला वाटलं रस्त्यावर भोंगा वाजतोय. … मांजर? शेजाऱ्यांचं? एवढं मोठं?

… कोण हाका मारतंय तुला? … जावईबापू? काय म्हणतायत? … तिला काहीतरी झालंय? काय झालंय? … फोन ठेवू नकोस हं. आधी मला सांग. ताप आहे का? … नाही. पडली? … नाही. दूध प्यायली होती? … मग? ते काय म्हणतायत नक्की? त्यांना सांग, सावकाश बोला. हे पुरुष घाबरले की निम्मी वाक्यं खातात.

… तू बाहेर गेलीस. … आधी दाराकडे बघत बसली. … बरं. त्यांनी खुळखुळा दिला, तो फेकला. बाटली दिली, ती फेकली. … त्यांनी उचलून घेतलं तर अंग ताठ करून खाली उतरली. … रांगत कुठे गेली?

… कुठल्या दाराशी?

… तू ज्या दारातून बाहेर पडलीस, त्या?

… आणि तिथे बसून रडतेय. दारावर थापा मारतेय.

अहो. अहो, ऐकलंत का.

… ठमे, जिन्यात काय उभी आहेस तू? … आजारी नाही ती. डॉक्टर नको. … मी सांगते ना काय झालंय. तू गेलीस, हे झालंय तिला. … गॅसवाला गेला तेव्हा रडली होती? … मी गेले तेव्हा? … मग?

… हो.

… हो गं बाई, तुझ्यासाठी. आणखी कोण राहतं त्या जिन्यात?

… तुला बघून अजून जोरात रडली तर? रडेल. मी आत्ताच सांगून ठेवते, रडेलच. मारेलसुद्धा. तू मागे सरकू नकोस. जा. … नको, फोन राहू दे, कुठेही ठेव. दार उघड तू.

… गेली.

अहो, या इकडे. स्पीकरवर टाकते. कुठलं बटण, मला दिसत नाही, तुम्ही दाबा. … ते नाही, ते बंद करायचं आहे, हात काढा. … हं. ते.

… ऐका.

… बघा, वाढलं. बघितलं दारात तिला. … काय ताकद आहे हो पोरीच्या गळ्यात. एवढं कुठे ठेवलं होतं हिने इतके दिवस?

… नाही, आपण काही बोलायचं नाही. ठमी बोलतेय. … काय म्हणतेय? … 'आले, आले' एवढंच म्हणतेय. तेच तेच. … पुरे आहे तेवढं.

… कोण आहे? … डॉक्टर, आत्ता आत येऊ नका. … सोफा होईल, शनिवारच्या आत मिळेल. … हे? फोनवर आहे. नात रडतेय माझी. … हो, नात. … हो, तीच, संस्थेतली. … नाही, बरी आहे, एकदम ठणठणीत आहे. ऐकायचं असेल तर त्या स्टुलावर बसा, पण माफबिफ कुणाला करू नका.

… कमी झालं का हो? … नाही, पुन्हा. … आता उसासे आहेत. असे तुटक तुटक. … ऐका ना, डॉक्टर, त्या फोमच्या तुकड्यावर पाय नका हलवू, आवाज येतो.

… गप्प झाली.

… हॅलो? … हो, आहोत ना. सगळे आहोत. … हो, ऐकलं सगळं. … मारलं का? … कुठे? नाकावर? लागलं असेल. … आता काय धरलंय? … कान? ओढतेय? … ओढू दे. तुटत नाही कान.

… तुझ्याकडे बघतेय? कशी? … जावईबापूंनी हात पुढे केले तरी गेली नाही? … त्यांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका, तुमचीही पाळी येईल. आधी त्यांना एकदा जिन्यात उभं करा.

… नाही, मी नाही रडत. बाबा रडतायत. परत तोंडात खिळे घेतलेत आणि रडतायत, एखादा गिळतील. … डॉक्टरही आहेत. ते नुसतेच नाक ओढतायत.

… उद्या बाईंना काय सांगायचं ते तुला माहीत आहे. … मला सांग आधी. म्हणून बघ.

… हो.

… हो. असंच सांग. आणि त्यांनी विचारलं की पोर कशी आहे, तर सांग, रडते म्हणावं. मी दिसले नाही की रडते. संस्थेतल्या बाई आहेत त्या, त्यांना कळेल.

… भीती वाटणारच. मलाही वाटायची. तुला घेऊन आले तेव्हा वाटलं, आपण विश्वासाच्या लायकीचे नाही. मग तुला भूक लागली, तू माझ्याकडेच बघितलंस, आणि मी विचार करायचा सोडला. … हो, प्रभू जोडतो म्हणतात ते असंच असेल. मला काही फार मोठं समजत नाही. पाजायची वेळ झाली की पाजायचं, एवढं समजतं.

… प्रार्थना? आत्ता? … करू की. पण तू डोळे मिटू नकोस. तू तिच्याकडे बघत राहा. मिटायचे डोळे आम्ही मिटतो इथे. अहो, डॉक्टर, तुम्हीही मिटा. … प्रभू, हे लेकरू रडलं, तुझे आभार. त्याची आई दारात आली, तुझे आभार. दोघींनाही विसरू नकोस. आणि त्या बापालाही, दाराआडून ओरडून दमलाय तो. आमेन.

… हं. … अगं ठमे, तू फोन कशाने धरलायस? … हाताने म्हणजे? मग ती कुठे आहे? … एका हातावर? … नाही, नंतर बोलू. … अगं, उद्या बोलू, मी कुठे पळून जातेय. … हो, सकाळीच येतो आम्ही, बाईंच्या आधी. … पुरे. ठेव आता फोन, आणि दोन्ही हातांनी धर तिला.